जुन्या संगणकाचा बोर्ड दुरुस्त करायचाय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

मध्य प्रदेशातल्या लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात लग्नपत्रिका मराठीत आणि तहसिलीचा कागद हिंदीत, ही दोन्ही कामे एकाच टेबलावरच्या संगणकावर होत आली आहेत. नव्वदच्या दशकात छपाईसाठी घेतलेले ४८६ किंवा पेंटियम, शाळेच्या खोलीतले पेंटियम-४, कुणा हौशी काकांनी जपलेला झेडएक्स स्पेक्ट्रम अशी यंत्रे अजून माळ्यावर सापडतात. बटण दाबले की पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. मग घरात प्रश्न निघतो : नीट करायचे, की कबाड्याला द्यायचे?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बोर्डाच्या दुरुस्तीत सुटे भाग स्वस्त असतात, बिघाड शोधणे महाग असते. दहा रुपयांचा कपॅसिटर बदलायला दहा मिनिटे लागतात, पण दोषी कपॅसिटर कोणता हे ठरवण्यात कारागिराचा अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि तुम्ही पैसे मोजता ते त्या अर्ध्या दिवसाचे. म्हणून तपासणी फुकटच्या पायरीपासून सुरू करा, महागड्या पायरीकडे सावकाश जा आणि प्रत्येक पायरीवर थांबायचे का ते ठरवा.

इथले भाव किरकोळ खरेदीचे ढोबळ अंदाज आहेत. दुकान, दर्जा आणि एकावेळी घेतलेली संख्या यांप्रमाणे त्यात फरक पडेल.

आधी ठरवा : यंत्र हवे की त्यातला मजकूर?

अनेकांना जुना संगणक नको असतो. त्यातल्या पत्रिकांचे नमुने, हिशेब किंवा फोटो हवे असतात. तसे असेल तर बोर्डाला हातच लावू नका. हार्ड डिस्क काढा आणि आयडीई ते यूएसबी जोडणीने आजच्या लॅपटॉपला लावा. ही जोडणी ४०० ते ७०० रुपयांत मिळते. पेंटियमच्या काळातल्या बहुतेक डिस्क तिच्यावर वाचता येतात. ४८६ च्या आधीच्या लहान क्षमतेच्या काही डिस्क ती ओळखत नाही. अशा वेळी आयडीई पोर्ट असलेला एखादा चालू जुना संगणक गाठावा लागतो.

यंत्रच हवे असण्याची पक्की कारणेही असतात. मराठी-हिंदी छपाईची काही जुनी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय उघडत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकचे भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसते आणि असा स्लॉट आजच्या बोर्डावर नसतो. तिसरे कारण हौस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ ते १९९० या काळात झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस परवान्याने भारतात विकला. तो घरात असेल तर त्याची किंमत कामावरून ठरत नाही.

पहिली पायरी : खर्च शून्य

वीज काढा, झाकण उघडा आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. कोणती केबल कुठल्या दिशेने बसली होती, हे नंतर आठवत नाही. मग बॅटरीच्या टॉर्चने बोर्ड पाहा. चार गोष्टी शोधा : बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, डोके फुगलेले किंवा तपकिरी चिकट द्रव सांडलेले कपॅसिटर, जळल्याचा काळा डाग आणि उंदीर, झुरळ, पाल यांच्या खुणा. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली धूळ एकत्र बसते. ओलावा धरलेली ही धूळ वीज वाहून नेते.

नंतर साउंड, मोडेम, नेटवर्क अशी जास्तीची कार्डे काढून ठेवा. फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले कार्ड ठेवा. रॅम आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. बेसमध्ये बसवलेले आयसी वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन किंचित वर सरकतात. ते अंगठ्याने दाबून बसवा. आता चालू करून स्पीकरचा आवाज ऐका. अ‍ॅवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे ‘बीप’ आले तर डिस्प्ले कार्डाकडे पाहायचे. एएमआय बायोसमध्ये तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत दोष, आठ बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत. आवाज येतो याचा अर्थ प्रोसेसर आणि बायोस बऱ्याच अंशी जिवंत आहेत. ही चांगली खूण समजा.

मॉनिटरचीही खात्री करून घ्या. ऐंशीच्या दशकातली ९ पिनांची डिस्प्ले कार्डे आजच्या १५ पिनांच्या मॉनिटरला जुळत नाहीत. बोर्ड ठणठणीत असूनही पडदा काळा राहतो, तो अशा वेळी.

दुसरी पायरी : वीज (३०० ते १,२०० रुपये)

बोर्ड मेला असे समजून लोक तो नागपूरला नेतात आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यात. त्यामुळे पहिली खरेदी डिजिटल मल्टीमीटरची करा. साधा मीटर २०० ते ३०० रुपयांत येतो आणि घरात इतर कामांनाही उपयोगी पडतो.

बोर्ड जोडलेला असताना लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. जुना एसएमपीएस काहीच न जोडता चालू करू नका. अनेक जुन्या एसएमपीएसना किमान भार लागतो, रिकामे चालवले तर ते बंद पडतात किंवा चुकीचा व्होल्टेज देतात. एटी पद्धतीच्या बोर्डावर विजेचे दोन जोड शेजारी बसतात. बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसवले तर बोर्ड क्षणात जातो.

व्होल्टेज पडत असेल तर एसएमपीएस सोडवा आणि बोर्डावरच्या ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. मीटर जवळजवळ शून्य दाखवत असेल तर बोर्डावर शॉर्ट आहे. ऐंशीच्या दशकातल्या बोर्डांवर १२ व्होल्टच्या रेषेवरचे थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर शॉर्ट होण्यासाठी प्रसिद्धच आहेत, म्हणून ती रेषाही तपासा. कार्डे एकेक काढून पुन्हा मोजत गेलात तर शॉर्ट बोर्डावर की कार्डावर, ते कळते.

साधा नवा एटीएक्स एसएमपीएस ५०० ते ९०० रुपयांत मिळतो. एटी बोर्डासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्टची तार नसते. पुष्कळ बोर्डांचे तिच्यावाचून अडत नाही, काही जुन्या आयएसए साउंड कार्डांचे मात्र अडते.

इथे एक सक्त सूचना. एसएमपीएसचे झाकण घरी उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत सव्वातीनशे व्होल्टच्या डीसीत बदलते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. जुन्या काचेच्या मॉनिटरचेही तसेच, तिथले व्होल्टेज तर हजारांत असते.

घराची वीजही तपासायला हवी. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवा मंद होत असेल, किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर दुरुस्त केलेला बोर्ड पुन्हा जाईल. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग पाहून घेणे हा दुरुस्तीचाच भाग समजा.

तिसरी पायरी : बॅटरीने खाल्लेला बोर्ड (३०० ते ६०० रुपये स्वतः, ८०० ते २,००० दुकानात)

३८६ आणि ४८६ बोर्डांवर बहुधा ३.६ व्होल्टची निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती जुनी झाली की फुटते. आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड अल्कधर्मी असते. ते तांब्याचे ट्रॅक खाते, आयसीच्या बेसमध्ये शिरते आणि शेजारच्या कीबोर्डच्या भागाला निकामी करते. यंत्र चालू असो की बंद, ही बॅटरी दिसली की आजच कापून काढा.

उपाय असा : हातमोजे घाला, जुन्या टूथब्रशने पांढरे व्हिनेगर लावून पूड काढा, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. बोर्ड दोन दिवस सावलीत वाळू द्या. आपल्याकडचे कूपनलिकेचे जड पाणी वापरू नका, त्यातला क्षार बोर्डावर राहतो. नंतर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून काळवंडलेला प्रत्येक ट्रॅक टोकापासून टोकापर्यंत तपासा. तुटलेल्या ट्रॅकवर बारीक इन्सुलेटेड वायरचा जम्पर द्यावा लागतो. दुकानदाराचा खरा वेळ इथे जातो, म्हणून ‘किती ट्रॅक तुटले’ हे कळल्याशिवाय ठराविक रक्कम कबूल करू नका.

नवी बॅटरी बसवताना एक चूक नेहमी होते. बोर्ड मूळ बॅटरीला चार्ज करतो, पण सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल चार्ज करायचा नसतो. तो बसवायचा तर मध्ये डायोड हवाच. डायोड दोन ते पाच रुपयांना, सेल २० ते ५० रुपयांना. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी वेगळा चार पिनांचा जोड असेल तर तोच वापरा.

काही बोर्डांवर बॅटरीऐवजी डॅलस कंपनीचा काळा चौकोनी ठोकळा असतो. त्यात घड्याळ आणि सेल एकत्र बंद असतात, आणि सेल साधारण दहा वर्षांसाठी बनवलेला असतो. तारीख दर वेळी पुसली जात असेल तर संशय याच ठोकळ्यावर धरा.

चौथी पायरी : फुगलेले कपॅसिटर (२०० ते १,००० रुपये)

साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांवर सदोष द्रवाचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लागले होते. पेंटियम-३ आणि पेंटियम-४ चे बोर्ड त्याच काळातले. लक्षणे ठरलेली असतात : यंत्र मध्येच बंद पडते, दोन-तीनदा बटण दाबल्यावरच चालू होते, विंडोज अर्ध्यावर अडकते.

चांगल्या प्रतीचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर १० ते २५ रुपयांना पडतो. एका बोर्डाला असे आठ-दहा लागतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचे आणि व्यास जागेत मावेल असा, ही चौकट कागदावर लिहूनच दुकानात जा. साधा कपॅसिटर स्वस्त पडतो, पण प्रोसेसरजवळ तो टिकत नाही. बसवताना उणे बाजू पाहा.

बदलण्याची मजुरी ४०० ते ८०० रुपये धरा. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असल्याने उष्णता पटकन पसरते. कमी ताकदीच्या आयर्नने ओढाताण केली की भोकातली तांब्याची नळी निघून येते. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराला द्या.

पाचवी पायरी : आयसी, मेमरी आणि बायोस (५०० ते ३,००० रुपये)

इथून पुढे उपकरणे लागतात. आयएसए किंवा पीसीआय स्लॉटमध्ये बसणारे पोस्ट कार्ड २५० ते ५०० रुपयांत मिळते. संगणक सुरू होताना बायोस जो टप्प्याचा अंक पाठवतो, तो हे कार्ड दाखवते. अंक जिथे थांबला तिथे बिघाड शोधायचा. काहीच अंक आला नाही तर क्रम असा : वीज, क्लॉक, रीसेट, मग बायोस. स्पेक्ट्रममधल्या झेड-८० प्रोसेसरवर ११ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट, २९ वर ग्राउंड, ६ वर क्लॉक आणि २६ वर रीसेट असतो. रीसेट सतत शून्यावर अडकला असेल तर प्रोसेसर कामाला लागतच नाही, आणि प्रोसेसर बदलून पैसे वाया जातात.

स्पेक्ट्रमच्या बाबतीत दोन गोष्टी आधी पाहा. त्याच्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरचे मधले टोक उणे असते, नेहमीच्या अ‍ॅडॉप्टरच्या नेमके उलट. चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावला तर वीज देणारा भाग आणि मेमरी दोन्ही जाऊ शकतात. दुसरे म्हणजे त्याची खालची १६ केबी मेमरी ४११६ आयसींची असते. तिला अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गायब असेल तर मेमरी आयसी तापून जातात. आधी व्होल्टेज मोजा, मगच आयसी विकत घ्या.

भावांचा अंदाज : ७८०५ रेग्युलेटर १० ते २० रुपये, ७४ मालिकेतले लॉजिक आयसी १५ ते ४० रुपये, ईप्रॉम ८० ते १५० रुपये, जुने मेमरी आयसी वापरलेले १०० ते २०० रुपये नग. ईप्रॉम लिहिणारे यंत्र ४,००० ते ६,००० रुपयांचे आहे. एका बायोससाठी ते घेऊ नका, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून चिप लिहून घ्या. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डची पातळ पडद्यासारखी पट्टी कडक होऊन तुटते. ती परदेशातून मागवावी लागते. टपालखर्चासह दीड ते अडीच हजार रुपये धरा, सीमाशुल्क वेगळे.

काढलेल्या आयसीच्या जागी थेट सोल्डर न करता बेस बसवायला सांगा. बेस पाच-दहा रुपयांचा असतो, पुढच्या वेळची मजुरी वाचते.

इथे थांबा

पुढीलपैकी काही आढळले तर पैसे घालू नका : बोर्ड मधोमध वाकला किंवा चिरला आहे, जळल्याने आतले थर काळे पडले आहेत, कंपनीने स्वतःसाठी बनवलेला चिपसेट गेला आहे, किंवा आधी कुणीतरी हॉट एअर मारून पॅड उचलले आहेत. पेंटियम-४ चा वापरलेला चालू बोर्ड ६०० ते १,२०० रुपयांत मिळतो, तेव्हा त्याच्या दुरुस्तीला हजाराच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. आयएसए स्लॉट असलेला ४८६ बोर्ड मात्र सहज मिळत नाही, त्याला दोन-अडीच हजार घालणे समजण्यासारखे आहे.

घरी करायचे तर सामान किती?

२५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न २५० ते ३५० रुपये, सोल्डर वायर १५० ते २५०, सोल्डर ओढायचा पंप ६० ते १५०, सोल्डर शोषणारी वात ४० ते १००, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली १०० च्या आसपास, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा १०० ते १५०. मीटर धरून सगळे हजार ते दीड हजारांत बसते. एकाच बोर्डासाठी एवढे घेणे परवडत नाही. शिकायची इच्छा असेल तर मात्र घ्या. सुरुवात बंद पडलेल्या रेडिओच्या बोर्डावर करा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा पट्टा टाळू नका. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते : खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा, मुलांना दूर ठेवा.

नागपूरला न्यायचे तर

लोधीखेड्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. तिथे न मिळालेला भाग पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे शोधता येतो. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस हिशेबात धरा. आधी फोनवर एवढेच विचारा : ‘तुम्ही चिप लेव्हल काम करता का, आणि आयएसए बोर्ड हाताळलाय का?’ ‘विंडोज टाकून देतो’ असे उत्तर आले तर पुढचे दुकान.

यंत्र सोपवताना या गोष्टी लिहून घ्या :

- तपासणीची फी किती, आणि दुरुस्ती झाली तर ती बिलात वळती होईल का. ३०० ते ५०० रुपये रास्त.
- ठरलेल्या रकमेपुढे खर्च जाणार असेल तर आधी विचारणार.
- काढलेले जुने भाग परत देणार.
- केलेल्या कामाची किमान ३० दिवसांची हमी.
- बोर्डाचा अनुक्रमांक आणि त्यावरच्या रॅम व कार्डांची यादी.

हार्ड डिस्क, हार्डवेअर लॉक आणि जिस्ट कार्ड घरीच ठेवा. बोर्ड तपासायला त्यांची गरज नसते आणि हरवले तर मिळत नाहीत. बोर्ड कुरिअरने पाठवायचा तर अँटिस्टॅटिक पिशवी आणि दुहेरी खोका वापरा, बॅटरी काढून ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

बिल घ्याच. नोंदणीकृत दुकान दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी लावते. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर हा कर आकारता येत नाही.

फसवणूक झाली तर

पैसे घेऊन काम न करणे किंवा भाग काढून घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करण्याजोगी बाब आहे. आधी दुकानाला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरीही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दुकान महाराष्ट्रात आणि तुम्ही मध्य प्रदेशात असलात तरी अडत नाही. या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. बिल, जॉब कार्ड आणि सुरुवातीला काढलेले फोटो हेच तुमचे पुरावे.

टाकायचे ठरले तर

बोर्ड जाळून तांबे-सोने काढणाऱ्याला देऊ नका, तो धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. देण्याआधी डिस्क काढा आणि बेसमधले आयसी, रॅम, आयएसए कार्डे विकता येतात का ते पाहा. जुनी यंत्रे नीट करणाऱ्यांना हेच भाग हवे असतात.

निष्कर्ष

मजकूर हवा असेल तर सातशे रुपयांच्या आत काम होते, बोर्डाला हात लावू नका. पेंटियम-४ असेल तर कमाल मर्यादा एक हजार. ४८६ किंवा स्पेक्ट्रमसाठी अडीच हजारांपर्यंत जा, पण पाचव्या पायरीच्या आधीच्या चारही पायऱ्या तपासल्याशिवाय एकही आयसी विकत घेऊ नका. आणि यंत्र आज दुरुस्त करणार नसलात तरी निदान त्यातली बॅटरी याच आठवड्यात काढून ठेवा.